कर्ज मालकाचे, बेदखली भाडेकरूची
मंडईभोवतालच्या पेठांतील जुन्या वाड्यांत अनेक भाडेकरू तोंडी करारावरच राहत आले आहेत. मालकाने गहाण वाड्याचे कर्ज थकवले, की २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये बँक त्याला ६० दिवसांची नोटीस देते आणि पुढे ताबा मागते. भाडेनियंत्रणाचे संरक्षण या कायद्याने नष्ट होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. परंतु २०१९ च्या निकालाने तोंडी भाडेकरूवर पुराव्याचे ओझे लादले. वस्तुतः १९९९ च्या राज्य कायद्याप्रमाणे करार नोंदवणे व पावती देणे ही मालकाची जबाबदारी. त्याच्या कसुरीची शिक्षा भाडेकरूने का भोगावी? त्याचे म्हणणे ऐकल्याविना जिल्हाधिकाऱ्यांनी ताब्याचा हुकूम देता कामा नये, ही मागणी लावून धरलीच पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी वाड्यावाड्यांत जाऊन जुन्या पावत्या, विजेची बिले जपून ठेवण्यास सांगावे.