गाडी गॅसवर करताय? आधी कागद, मग पाना



सोयाबीनच्या थैलीला टॅग नसेल तर आपण ती घेत नाही. लॉट नंबर पाहतो, पक्कं बिल मागतो, आणि उगवण होईपर्यंत रिकामी थैली अन् टॅग जपून ठेवतो. उद्या बी उगवलंच नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करायची? पण हाच शहाणा शेतकरी गाडीला सीएनजी किट बसवायला जातो तेव्हा एकच प्रश्न विचारतो, "कितीत बसवून देता?" आज त्यावरच लिहितो.

माझा विरोध गॅसला नाही. भाजी बाजारात नेणारी, मजूर बाया वावरात सोडणारी पेट्रोल व्हॅन रोज चालत असेल तर सीएनजीनं पैसे वाचतात. माझं म्हणणं एवढंच, की किट किती रुपयांचं हे नंतर पाहा. बसवणारा अधिकृत आहे का, हे पहिले पाहा.

यावर हमखास उत्तर येतं, "आपला मिस्त्री लय हुशार हाय." असेलही. इंजिन खोलायला मीही त्याच्याकडेच जाईन. पण हे काम वेगळं आहे. गाडीच्या चाकात आपण 30-32 पॉइंट हवा भरतो. सीएनजीची टाकी 200 बारपर्यंत भरतात, म्हणजे चाकाच्या जवळपास शंभर पट दाब. हा दाब सांभाळणारी टाकी, व्हॉल्व्ह, पाइप आणि रेग्युलेटर एकमेकांना आणि गाडीच्या इंजिनाला जुळलेले लागतात. हात कितीही चांगला असो, जुनी टाकी आतून किती गंजली हे डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून किट बसवणाऱ्याकडे गेल्यावर या पाच गोष्टी मागा:

1) किटची मान्यता. किट पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेनं मंजूर केलेलं हवं, आणि ती मंजुरी तुमच्या गाडीच्या प्रकाराला व इंजिनाला लागू हवी. शेजाऱ्याच्या गाडीला चाललं म्हणून तुमच्या गाडीला चालेल असं नाही.

2) बसवणाऱ्याचं अधिकारपत्र. किट बनवणाऱ्या कंपनीनं त्याला नेमलंय का, पत्राची मुदत शिल्लक आहे का, हे पाहा. नुसत्या दुकानाच्या पाटीवर जाऊ नका.

3) टाकीचा नंबर. टाकीला पेसोची मान्यता लागते. हे स्फोटक सुरक्षा खातं, त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. टाकीवर कोरलेला नंबर आणि चाचणीची तारीख प्रमाणपत्राशी स्वतः ताडून पाहा. दर 3 वर्षांनी टाकीची दाबचाचणी करावी लागते. "सेकंडहँड हाय, पण मस्त हाय" म्हणणाऱ्याला रामराम ठोका.

4) आरसीवर नोंद. आपल्या एमएच-28 गाड्यांचं काम बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात होतं. आरसीवर इंधनाच्या जागी सीएनजी चढलं पाहिजे. ती कागदपत्रं कोण देणार, हे पैसे देण्याआधी ठरवा.

5) पक्कं बिल. त्यात किटचा आणि टाकीचा नंबर लिहिलेला हवा.

काम चालू असताना गाडीजवळ थांबा. टाकी पट्ट्यांनी चेसिसला घट्ट आवळली का, पट्टी अन् टाकीमध्ये रबर आहे का, पाइप सायलेन्सरपासून दूर आहे का, बंद डिक्कीतला गॅस बाहेर जायला नळी काढली का, हे पाहायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. शेवटी प्रत्येक जोडावर गळतीची तपासणी समोर करून घ्या.

आता कायद्याचं. आरसीवर न चढवता इंधन बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही. बेकायदा बदलासाठी कलम 182अ प्रमाणे मालकाला 5000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मालकाला, मिस्त्रीला नाही. त्याहून मोठी भीती विम्याची. नोंद नसलेल्या किटची गाडी जळाली तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. गाडीत मजूर बसलेले असले तर पुढचं तुम्हीच समजून घ्या. म्हणून आरसीवर नोंद झाली की विम्यातही किट दाखवा. थोडा जादा हप्ता लागतो, तो भरा.

घरगुती गॅसच्या लाल सिलिंडरवर गाडी चालवणाऱ्यांना वेगळं सांगतो. तो गुन्हा तर आहेच, पण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी साचतो. तिथं एक ठिणगी पुरते. पोरंबाळं त्याच गाडीत बसतात, हे ध्यानात ठेवा.

डिझेल पिकअप आणि ट्रॅक्टरवाल्यांनी तर अजिबात घाई करू नये. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबानं पेट घेतो. सीएनजी तसा पेटत नाही. म्हणजे इंजिनातच मोठा बदल करावा लागतो. 12 फेब्रुवारी 2021 ला नितीन गडकरी यांच्या हस्ते सीएनजीवर बदललेला डिझेल ट्रॅक्टर देशासमोर आला. चांगलीच गोष्ट. पण तो पाहून गावातल्या गॅरेजात आपला ट्रॅक्टर खोलायला देणं म्हणजे संशोधन केंद्रातला प्लॉट पाहून बिनटॅगचं बियाणं पेरणं.

हिशेबही कागदावर मांडा. 60 लिटरची टाकी म्हणजे 60 किलो गॅस नव्हे. त्यात साधारण 8 ते 10 किलोच बसतो. टाकीचं वजन कायम गाडीवर राहतं, मालाची जागा जाते, चढाला ओढ थोडी कमी होते. पंप तुमच्या रोजच्या रस्त्यावर आहे का? गॅस भरायलाच 30 किलोमीटर आडवाट करावी लागली तर बचत तिथंच संपली.

"अधिकृत माणूस जवळ नाही, अन् महागही पडतो," ही अडचण खरी आहे. त्यावर माझ्या मते उपाय एकच. गावातल्या चार-पाच गाडीवाल्यांनी मिळून अधिकृत केंद्र गाठावं, मग ते अकोल्याला असो की छत्रपती संभाजीनगरला. एकत्र गेलं की मजुरीत घासाघीस करता येते. घासाघीस मजुरीवर करा, टाकीवर नको. अन् चौघंही तयार होत नसतील, तर या हंगामात गाडी पेट्रोलवरच चालू द्या. त्यात कमीपणा काही नाही.