जुना ट्रॅक्टर घ्यावा काय?



धान काट्यावर गेले, पैसे खात्यात आले, की आपल्या गोंदिया जिल्ह्यात जुन्या ट्रॅक्टरची बोलणी सुरू होतात. कोणी बालाघाटकडचा ट्रॅक्टर सांगतो, कोणी तिरोड्याचा. तीन-चार एकरांच्या शेतकऱ्याने घरच्या कामापुरता असा ट्रॅक्टर घ्यावा काय, हे पुष्कळ जण विचारतात. ट्रॅक्टर कितीला मिळतो, यापेक्षा तो आपल्याकडे वर्षाला किती तास चालेल, हे आधी मोजावे.

चार एकर धान असलेले घर धरा. उन्हाळी नांगरट आणि पावसाळ्यातली चिखलणी मिळून एकरी सहा तास, म्हणजे 24 तास झाले. शेणखत शेतात नेणे, तणस घरी आणणे, अंगणात मुरूम टाकणे, घराच्या डागडुजीच्या विटा वाहणे, याचे आणखी 26 तास धरा. वर्षाचे 50 तास. आता ट्रॅक्टर अडीच लाखांना घेतला, तर 10 टक्क्यांनी व्याज 25,000 रुपये. विमा, ऑइल, बॅटरी, टायर, दुरुस्ती यांचे 20,000. किंमत उतरते तिचे 12,000. असे 57,000 रुपये झाले. भाड्याचा ट्रॅक्टर तासाला 1,000 रुपये आणि घरच्या ट्रॅक्टरचे डिझेल तासाला 400 रुपये धरले, तर घरच्या ट्रॅक्टरने तासाला 600 वाचतात. पन्नास तासांचे 30,000 होतात. म्हणजे वर्षाला 27,000 रुपये आपण पदरचे घालतो. बरोबरी व्हायला 95 तास काम लागते. हे आकडे समजण्यापुरते आहेत. आपल्या गावचा दर घालून घरधनिणीसह एकदा कागदावर मांडावे. तिचे दागिने गहाण पडणार असतील, तर हिशेब तिच्यासमोरच व्हायला हवा.

पण हे 27,000 अगदीच वाया जातात असेही नाही. परे 21 ते 25 दिवसांचे झाले, बांधीत पाणी साचले, आणि भाड्याचा ट्रॅक्टर मोठ्या शेतकऱ्याच्या बांधीत अडकला, की आपली रोवणी लांबते. जून झालेल्या पऱ्यांना फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. हे दरवर्षी होत असेल, तर दारातल्या ट्रॅक्टरला मोल आहे. मात्र रोवणी खरोखर ट्रॅक्टरमुळे थांबते की बायांची टोळी मिळत नाही म्हणून, हे नीट आठवून पाहावे. टोळी नसेल तर चिखल करून ठेवलेल्या बांधीचा काय उपयोग?

दोन भावांची चार-चार एकर शेती असेल, तर सामाईक ट्रॅक्टर विचारात घेण्याजोगा आहे. दोघांचे मिळून 100 तास होतात. चिखलणीचा क्रम मात्र उन्हाळ्यातच ठरवावा; बांधावर उभे राहून ठरवू नये. गावात भाड्याने चालवून हप्ते फेडू, असे पुष्कळ जण म्हणतात. त्यांनी उधारी धान निघेपर्यंत थकते, हेही धरावे. आणि बैलजोडी विकून पहिला हप्ता भरू नये. निदान एक हंगाम तरी जोडी राहू द्यावी. बांधीचे कोपरे, बंडी आणि शेणखत तिच्याकडूनच मिळते. बांध्या लहान असतील तर पॉवर टिलरचाही विचार करावा. शासनाचे अनुदान नव्या यंत्राला असते, जुन्याला नाही.

घ्यायचेच ठरले, तर आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावा, विकणाऱ्याचा नको. ट्रॅक्टर आधी तापवून ठेवू नका असे सांगावे आणि पोचल्यावर इंजिनाला हात लावून पाहावा. थंड इंजिन एका-दोन झटक्यांत सुरू झाले पाहिजे. चांगले तापल्यावरही निळा धूर येत असेल, तर इंजिन ऑइल जाळते. मोठे काम निघेल. मीटरवरच्या तासांवर भरवसा ठेवू नये. क्लच आणि ब्रेकचे पायडल किती झिजले, स्टिअरिंग किती सैल आहे, हे पाहावे. आपल्याकडचा ट्रॅक्टर वर्षानुवर्षे चिखलात चालतो, म्हणून मागच्या ॲक्सलचे सील तपासणे सर्वांत महत्त्वाचे. गिअरचे ऑइल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे. पुढची चाके जॅकवर उचलून हलवावीत. खडखडली तर बेअरिंग गेले. रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करावे आणि थोडा वेळ थांबावे. तो भराभर खाली बसला, तर हायड्रॉलिकचा खर्च आला.

वैनगंगेच्या घाटावर रेती ओढलेला ट्रॅक्टर शक्यतो टाळावा. जादा ओझ्याने त्याचा क्लच आणि मागचा भाग खिळखिळा होतो. शिवाय अवैध रेतीच्या प्रकरणात त्यावर दंड थकलेला नाही ना, हे तहसील कार्यालयात विचारावे. एचएमटीचा जुना ट्रॅक्टर स्वस्त मिळतो, पण त्या कारखान्याचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय 2016 मध्ये झाला. सुटे भाग कुठे मिळतात, ते आधी पाहावे.

आता कागद. नोंदणी-पुस्तकातला इंजिन आणि चासिस क्रमांक ट्रॅक्टरवरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. नोंदणीची 15 वर्षांची मुदत संपली काय आणि विमा चालू आहे काय, हेही पाहावे. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि नमुना 35 घ्यावा. नाव बदलण्यासाठी नमुना 29 आणि 30 लागतात आणि खरेदीपासून 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. एमपी-50 किंवा सीजी-08 क्रमांकाचा ट्रॅक्टर कायमचा आपल्याकडे आणायचा असेल, तर तिकडच्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला हवा. तो हाती पडेपर्यंत इसारापेक्षा जास्त रक्कम देऊ नये.

आपण आपला जुना ट्रॅक्टर विकत असाल, तरी नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. वाहन विकले पण नोंद जुन्याच मालकाच्या नावे राहिली, तर अपघाताची भरपाई त्याच्याच अंगावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला आहे.