जालन्याचं उत्तर कुठे आहे?

मनाच्या आरोग्यावरच्या ऑनलाइन संशोधनाची प्रश्नावली मोबाइलवर आली, तर जालना जिल्ह्यातल्या माणसांनी ती जरूर भरावी, असं मला मनापासून वाटतं. मानसशास्त्राचे बहुतेक निष्कर्ष सधन पाश्चात्त्य समाजातल्या, त्यातही कॉलेजातल्या मुलांवरून काढलेले आहेत, हे हेन्रिक, हाइन आणि नोरेन्झायन या संशोधकांनी 2010मध्ये दाखवून दिलं. प्रश्नावली मोबाइलवर आली म्हणून हे आपोआप बदलत नाही. मोसंबीची बाग डोळ्यांदेखत वाळताना पाहणारा अंबडचा शेतकरी, उचल घेऊन ऊसतोडीला निघालेली घनसावंगीची बाई, यांची उडालेली झोप संशोधनाच्या आकड्यांत येणार कशी? म्हणून शिकलेल्या पोरांनी घरातल्यांना प्रश्न मराठीत वाचून दाखवावेत. उत्तर मात्र त्यांचं त्यांनाच देऊ द्यावं. आधी संमतीपत्र नीट वाचावं. संशोधक कोण, नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का, मधेच थांबता येतं का, हे विचारणं आपला हक्कच आहे. आधार क्रमांक किंवा ओटीपी मागितला, तर तिथेच थांबावं. नैराश्य मोजणाऱ्या ‘पीएचक्यू-9’ या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मला सगळ्यांत जड वाटतो: गेल्या दोन आठवड्यांत मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले का? तिथे कुणाचं बोट ‘अजिबात नाही’ सोडून दुसऱ्या पर्यायावर थबकलं, तर फॉर्म बाजूला ठेवा, त्या माणसाजवळ बसा आणि 14416 लावा. या क्रमांकावरची ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.