बांधावरील बाभळीचे मोल

इ. स. १९५० पासून प्रतिवर्षी पावसाळ्यात वनमहोत्सव साजरा होतो. गावोगावी रोपे लागतात; परंतु जी झाडे पूर्वीपासून उभी आहेत, त्यांच्याकडे लोक कोणत्या दृष्टीने पाहतात, याचा विचार क्वचितच होतो. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प आहे. त्यामुळे मुरुड परिसरातील खरी वृक्षसंपदा शेतांच्या बांधांवरच आहे.

वड, पिंपळ, उंबर यांस कुऱ्हाड लावण्यास शेतकरी सहसा धजत नाही. बाभूळ, हिवर, बोर यांच्या वाट्यास मात्र ही श्रद्धा आली नाही. त्यांचे रक्षण उपयोगामुळे होत असे. औत, तिफण व बैलगाडी यांकरिता बाभळीचे चिवट लाकूड लागे, म्हणून बांधावर तिला वाढू दिले जाई. लोखंडी अवजारे व ट्रॅक्टर आले आणि ती गरज सरली. आता तिची सावली तेवढी डोळ्यांत खुपते.

सावलीने बांधालगतचे पीक खुरटते, ही तक्रार खोटी नाही. अल्पभूधारकास ते नुकसान जाणवतेच. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. बाभळीच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. मुळे बांधाची माती धरून ठेवतात. शेंगा शेळ्यांना उन्हाळ्यात खाद्य होतात. हरभऱ्यावर घाटेअळी पडली की पक्षीथांबे उभारण्याची शिफारस केली जाते. बांधावरचे झाड तोडावे आणि त्याच शेतात पक्ष्यांसाठी काठ्या रोवाव्यात, यात शहाणपण कोणते? कडुनिंब तोडणाऱ्यासही पुढे ५ टक्के निंबोळी अर्काकरिता निंबोळ्या शोधीत फिरावे लागते.

एकाच जातीची शंभर रोपे लावल्याने ही हानी भरून येत नाही. नाना जातींची झाडे निरनिराळ्या ऋतूंत फुलतात व फळतात. त्यांवरच मधमाश्या व पक्षी वर्षभर जगतात. म्हणून झाड तोडण्याऐवजी पेरणीपूर्वी त्याच्या खालच्या फांद्या छाटाव्यात आणि बांधावर आपोआप उगवलेली रोपे राखावीत.

जैवविविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असते व लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वृद्ध शेतकऱ्यांसह शिवारफेरी काढून जुनी झाडे व त्यांचे उपयोग तीत नोंदवावेत. नोंदवही कपाटात पडून राहिली, तर तिचा उपयोग नाही.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी नव्या रोपास पाणी कोठून घालावे? जुनी बाभूळ मात्र कोणी पाणी न घालताही तग धरते. नवे झाड लावणे हे पुण्य खरेच. उभे झाड राखणे हे त्याहून मोठे कर्तव्य होय.