विमानातील शांततेचा भाव

लहान मुलांना मज्जाव असलेली विमाने सोडावीत, अशी मागणी प्रवाशांमधून अधूनमधून होत असते. तिला हसून उडवून लावणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. दुबईच्या बाजारात दोन दिवस पायपीट करून रात्रीच्या विमानाने मुंबईला परतणारा आणि सकाळी पुन्हा दुकानाचे शटर वर करणारा व्यापारी आम्हाला चांगला ठाऊक आहे. त्याला त्या तीन तासांची झोप हवी असते. मागच्या रांगेतले तान्हे मूल विमान उतरेपर्यंत रडत राहिले, तर त्याचा वैताग समजण्यासारखा आहे. या झोपेसाठी चार पैसे जास्त मोजायची त्याची तयारी असेल, तर कंपनीने ते घेऊ नयेत काय?

आमचे म्हणणे असे की, खुशाल घ्यावेत. पण माल पुरा द्यावा, आणि तो दुसऱ्याच्या वाट्याचा काढून देऊ नये.

माल पुरा मिळतो का, ते आधी पाहू. इंडिगो कंपनीने 2016 साली आपल्या विमानांत 1 ते 4 आणि 11 ते 14 या रांगा शांततेसाठी राखून ठेवल्या. तिथे 12 वर्षांखालील मुलांना जागा नाही असे ठरवले. आता वाचकांनीच हिशेब करावा. मधल्या 5 ते 10 या रांगांत मुलांना बंदी नव्हती. म्हणजे पाचव्या रांगेत बाळ रडले, तर चौथ्या रांगेतल्या गिऱ्हाइकाच्या पदरात काय पडले? आवाज रांगेचा आकडा वाचून थांबत नाही. शिवाय आपत्कालीन दरवाजाशेजारच्या रांगांत मुलांना बसवायला सुरक्षेच्या नियमाने आधीपासूनच मनाई असते. जे आपोआपच मिळत होते त्यावर नवी चिठ्ठी चिकटवून विकणे, याला आपल्या बाजारात काय म्हणतात ते सांगायला नको.

त्या मानाने कोरेंडन या कंपनीचा व्यवहार चोख वाटतो. नोव्हेंबर 2023 पासून अॅमस्टरडॅम ते कुरासाव या लांबच्या मार्गावर तिने विमानाचा पुढचा भाग 16 वर्षांवरील प्रवाशांसाठी वेगळा केला, मध्ये आडोसा घातला आणि भाव उघड सांगितला: साध्या जागेला एका बाजूच्या प्रवासासाठी 45 युरो जादा, मोठ्या जागेला 100 युरो. ज्याला परवडेल त्याने घ्यावे. मागे बसलेल्या कुटुंबाची जागा त्यामुळे गेली नाही. मलेशिया एअरलाइन्सने 2012 साली क्वालालंपूर ते लंडन या मार्गावरील दुमजली विमानात वरच्या मजल्यावरचा साधा वर्ग 12 वर्षांखालील मुलांना बंद केला, तेव्हा खालचा मजला भरला तर कुटुंबांना वर घेऊ, असेही सांगून टाकले होते. भरल्या गल्ल्यापुढे तत्त्व कसे वाकते, त्याचा हा नमुना! पण वाकले ते योग्य बाजूला वाकले.

विमानातले काही रकाने वेगळे करणे आणि अख्खे विमानच मुलांना बंद करणे, या दोन गोष्टी आमच्या लेखी एक नाहीत. रत्नागिरी-रायगडकडची कितीतरी घरे आखाती देशांतल्या नोकरीवर उभी आहेत. घरधनी तिकडे, आणि शाळेला सुट्टी लागली की दोन मुलांना घेऊन बाई एकटीच मुंबईहून निघते. तारीख तिच्या हातात नसते. ती व्हिसा, नवऱ्याची रजा आणि शाळा मिळून ठरवतात. समजा, तिच्या गावाला दिवसाला दोनच विमाने आहेत आणि त्यांतले सोयीचे एक मुलांना बंद झाले. तिच्यासाठी निम्मा बाजार उठला, आणि उरलेल्या विमानाचा भाव चढला. दुसऱ्याच्या झोपेचे पैसे अशा रीतीने तिच्या पिशवीतून जाणार. आणि एखादे विमान रद्द झाले तर? आज कंपनी प्रवाशांना पुढच्या विमानात बसवते. ते पुढचे विमान मुलांना मज्जाव असलेले निघाले, तर बाईने पोरांसह विमानतळावर रात्र काढायची काय?

मूल म्हणजे फुकट्या प्रवासी, असाही एक समज आहे. दोन वर्षांखालचे बाळ मांडीवर बसते, तरी त्याचे पैसे कंपन्या सहसा घेतातच. दोन वर्षे पुरी झाली की स्वतंत्र जागा घ्यावी लागते, आणि स्वस्त कंपन्यांकडे तिचे भाडे बहुधा मोठ्या माणसाइतकेच. सुट्टीच्या हंगामात विमाने कुणामुळे भरतात, हे कंपन्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बाळ हौसेने रडत नाही. विमान उतरताना हवेचा दाब बदलतो, त्याच्या कानातली नळी अरुंद असते, त्यामुळे कान दुखतात. दूध पाजले, गिळायला दिले की बरे वाटते. (दोन-दोन तास मोठ्याने फोनवरची चित्रफीत लावणाऱ्या थोरांसाठी वेगळे विमान सोडा, असे मात्र कुणी म्हणत नाही.)

जपान एअरलाइन्सची युक्ती आम्हाला पसंत पडली. 2019 साली तिने संकेतस्थळावर जागा निवडताना, दोन वर्षांखालचे बाळ कुठे बसणार त्या जागी खूण दाखवायला सुरुवात केल्याची चर्चा झाली. ज्याला दूर बसायचे त्याने दूरची जागा घ्यावी. बंदी नाही, जादा आकार नाही, आईला कुणी उठवत नाही.

उलट जागा निवडण्यासाठी वेगळे पैसे घ्यायचे, न देणाऱ्या आईला एका टोकाला आणि मुलाला दुसऱ्या टोकाला बसवायचे, आणि मग मूल रडले म्हणून बाकीच्यांना शांतता विकायची, हा धंदा आम्हाला मान्य नाही. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल 2024 मध्ये याला आळा घातला. 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला आई, वडील किंवा पालक यांपैकी एकाजवळ तरी जागा द्यावी, असा आदेश कंपन्यांना दिला. मात्र त्यासाठी दोघांचा पीएनआर क्रमांक एक असावा लागतो. पाच-पन्नास रुपये वाचवण्यासाठी एजंटाने आईचे तिकीट वेगळे आणि मुलांचे वेगळे कापले, तर हा आदेश दाखवून उपयोग होणार नाही. तेव्हा पैसे देण्यापूर्वी तिकिटावरचा तो क्रमांक एकदा पाहून घ्यावा.