हाताला जाणवलेले तपासायलाही शिकवा

क्रॅनिओसॅक्रल थेरपी शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच सांगितले जाते की मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाला स्वतःची एक संथ लय असते. ती मिनिटाला साधारण 6 ते 12 वेळा येते-जाते आणि सरावलेल्या हाताला डोक्यापासून त्रिकास्थीपर्यंत कुठेही कळते. स्पर्श जेमतेम 5 ग्रॅम वजनाचा ठेवायचा, लय कुठे अडते ते ओळखायचे आणि तिला मोकळे होऊ द्यायचे. जॉन अपलेजर यांनी 1985 मध्ये फ्लोरिडात स्थापन केलेल्या संस्थेत पहिल्या पायरीचा वर्ग चार दिवसांचा असतो. ‘बायोडायनॅमिक’ म्हणवणाऱ्या परंपरेत अभ्यासक्रम सुमारे 700 तासांचा असतो आणि दोनेक वर्षे चालतो. तास वाढवावेत की कमी करावेत, हा वाद मला दुय्यम वाटतो. या प्रशिक्षणात एक परीक्षा सक्तीची हवी आणि तिच्याशिवाय प्रमाणपत्र मिळू नये: एकाच माणसाची लय दोन विद्यार्थ्यांनी, एकमेकांचे उत्तर न कळता, मोजायची आणि दोघांचे आकडे जुळतात का ते पाहायचे.

ही मागणी कठोर वाटेल, पण या पद्धतीचा सगळा डोलारा त्या एका जाणिवेवर उभा आहे. ही पद्धत ज्यांच्या विचारातून निघाली ते विल्यम सदरलँड मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल येथे ऑस्टिओपॅथी, म्हणजे हाडे-स्नायू हाताने हाताळून करायचे उपचार, शिकत असताना सुट्या केलेल्या कवटीची हाडे पाहून त्यांच्या मनात आले की या कडा हालचालीसाठीच घडल्या असाव्यात. पुढे त्यांनी मांडलेल्या उपपत्तीत कवटीच्या तळाशी असलेल्या एका सांध्याला मध्यवर्ती स्थान मिळाले. शरीररचनाशास्त्र सांगते की तो सांधा किशोरवयातच हाडाने भरून जुळून जातो. एमआरआयमध्ये हा द्रव हलताना दिसतो, पण हृदयाच्या ठोक्यांबरोबर आणि श्वासाबरोबर. रक्तदाबात मिनिटाला सहाच्या आसपास येणाऱ्या संथ लाटा असतात हेही खरे आहे, आणि लयीचा उगम तिथे असावा असे मानणारे संशोधक आहेत. म्हणजे शरीरात संथ लयी नाहीतच, असे कोणी म्हणू नये. प्रश्न एवढाच की 5 ग्रॅमच्या स्पर्शाला जे जाणवते ते समोरच्या माणसाच्या शरीरात आहे की तपासणाऱ्याच्या हातात.

याचे उत्तर शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि ते याच क्षेत्रातल्या माणसांना सोबत घेऊन झाले. 1994 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या तंत्रात तरबेज असलेल्या तीन फिजिओथेरपिस्टांनी 12 जणांची लय स्वतंत्रपणे मोजली. त्यांच्या मोजमापांतली एकवाक्यता शून्याच्या आसपास निघाली, म्हणजे एकाच्या आकड्यावरून दुसऱ्याच्या आकड्याचा अंदाजही बांधता येत नव्हता. 1998 च्या एका अभ्यासातला निष्कर्ष मला याहून बोलका वाटतो. तिथे तपासणाऱ्याचे पहिले आणि दुसरे मोजमाप बऱ्यापैकी जुळले, पण दोन तपासणाऱ्यांचे एकमेकांशी जुळले नाही. माणूस स्वतःशी सुसंगत राहतो आणि दुसऱ्याशी जुळत नाही, तेव्हा त्याने रुग्णाबद्दल काही शिकण्याऐवजी स्वतःच्या हाताची एक सवय पक्की केली असण्याची शक्यता अधिक. वर्गात ही सवय कशी लागत असेल याची कल्पना करणे कठीण नाही. शिक्षक सांगतात, ‘थांबा, जाणवेल’. शेजारच्याला जाणवते, मग आपल्यालाही जाणवते. चूक दाखवणारे त्या खोलीत काहीच नसते, आणि जिथे चूक ठरूच शकत नाही तिथे सरावाने कौशल्य वाढत नाही, फक्त खात्री वाढते.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की लोकांना बरे वाटते, मग बाकीच्या चर्चेचा उपयोग काय? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. 2016 मध्ये जर्मनीत मानदुखीच्या 54 रुग्णांवर झालेल्या चाचणीत नुसत्या हलक्या स्पर्शापेक्षा या उपचाराने वेदना अधिक कमी झाल्या. जुनाट वेदनांवरच्या दहा चाचण्या आणि 681 रुग्ण एकत्र पाहणाऱ्या आढाव्याचा निष्कर्षही अनुकूल होता. त्यानंतर 2024 च्या आढाव्याने मात्र उलट कौल दिला. चाचण्या लहान आहेत, आणि हात लावणाऱ्याला आपण खरा उपचार करतो आहोत की नकली हे ठाऊक असतेच. तरीही वेदना कमी होतात असे मी क्षणभर धरून चालतो. तासभर कोणी शांतपणे, घाई न करता जवळ बसणे हीच दुखणाईताला केवढी तरी मोठी गोष्ट असते. पण मग प्रशिक्षणात तेच शिकवावे. आराम मिळाला म्हणून कवटीची हाडे सरकली हे सिद्ध होत नाही, आणि ‘तुमच्या डाव्या बाजूची लय अडकली आहे’ असे रुग्णाला सांगण्याचा अधिकारही त्यातून मिळत नाही.

दुसरा युक्तिवाद या परंपरेतले विचारी लोक करतात: लय दोन माणसांच्या नात्यातून उमलते, म्हणून ती प्रत्येक थेरपिस्टला वेगळी जाणवणारच. हे मान्य केले तर ती लय रुग्णाची राहत नाही आणि तिच्यावरून निदान करता येत नाही. तिसरा आक्षेप असा की डॉक्टरांच्या हाता-कानांतही एकवाक्यता कमीच असते. खरे आहे. म्हणूनच स्टेथोस्कोपने शंका आली की इकोकार्डिओग्राम काढतात. हाच निकष मी आपल्याकडच्या नाडीपरीक्षेलाही लावेन, तिला वेगळी सवलत मागणार नाही.

पद्धत निरुपद्रवी आहे, हे म्हणणेही अर्धेच खरे. मेंदूतला ताजा रक्तस्राव, रक्तवाहिनीचा फुगवटा, कवटीला नुकतीच झालेली इजा अशा वेळी हात लावू नये, हे खुद्द या पद्धतीच्या पुस्तकांत आहे. मेंदूच्या दुखापतीनंतर असे उपचार घेतलेल्या 55 रुग्णांच्या 1995 च्या नोंदीत तिघांना उपचारानेच त्रास झालेला आढळला. शिवाय रडणाऱ्या तान्ह्या बाळांसाठीही आईबाप या थेरपिस्टांकडे जातात, आणि तिथे खरे आजारपण ओळखायला उशीर झाला तर त्याची किंमत बाळाला मोजावी लागते. ब्रिटनमध्ये ‘ऑस्टिओपॅथ’ ही उपाधी 1993 च्या कायद्याने संरक्षित आहे. क्रॅनिओसॅक्रल थेरपिस्टसाठी मात्र फक्त ऐच्छिक नोंदणी आहे. स्वित्झर्लंडने ही पद्धत पूरक उपचारांच्या राष्ट्रीय पदविका परीक्षेच्या चौकटीत घेतली आहे. म्हणजे शिकवणाऱ्या संस्थेबाहेरच्या कोणी परीक्षा घेणे अशक्य नाही. मी सुचवतो त्या परीक्षेला तर यंत्रही लागत नाही: दोन विद्यार्थी, मध्ये पडदा, आकडे टिपणारा तिसरा माणूस आणि अर्धा दिवस. संस्थांनी हे निकाल दर वर्षी जाहीर करावेत, आणि प्रवेश घेऊ पाहणाऱ्याने शुल्क भरण्याआधी मागच्या तुकडीचे आकडे मागून घ्यावेत.