पडदे वाढले, मालकी आटली

दिल्लीतील ‘प्रिया’ या एकपडदा चित्रपटगृहातून बिजली कुटुंबाच्या ‘पीव्हीआर’चा व्याप उभा राहिला. १९९७ मध्ये साकेतच्या ‘अनुपम’ने देशाला मल्टिप्लेक्सची ओळख करून दिली. पुढे इतरांच्या साखळ्या विकत घेऊन विस्तार झाला: २०१२ मध्ये मुंबईच्या कनाकिया कुटुंबाची ‘सिनेमॅक्स’, २०१८ मध्ये चेन्नईची ‘एसपीआय’. २०२३ मध्ये जैन कुटुंबाची ‘आयनॉक्स’ विलीन झाली आणि पडदे दीड हजारांवर गेले. मात्र विलीनीकरणाच्या सूत्रानुसार बिजली कुटुंबाचा हिस्सा सुमारे साडेदहा टक्केच उरला. बाहेरच्या भांडवलावर वाढणाऱ्या घरच्या धंद्याला हे मोल चुकत नाही. प्रेक्षकाची चिंता निराळी आहे. कालचे प्रतिस्पर्धी एकत्र आल्याने तिकिटांचे दर आणि महाराष्ट्रात मराठी चित्रपटांच्या खेळांच्या वेळा ठरविणारे हात कमी झाले आहेत.